घरातलाच हात

तुम्ही माणसं खोटी पाडलीत, साहेब. एक मशीन खरं ठरावं म्हणून जिवंत, चालतीबोलती माणसं खोटी पाडलीत. एटीएमच्या दारातला रखवालदार काढलात, छताचा कॅमेरा काढलात, चार आकडी नंबर विचारणं बंद केलंत आणि वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिलीत की आता चोरी अशक्य. तरीही पैसे गेलेच. मग तुमच्यापुढे पेच पडला. चोरी तर अशक्य, मग गेले कसे? थंडगार ऑफिसात बसून तुमच्यातल्याच कुणीतरी उत्तर काढलं: घरातल्यानेच घेतले असणार. वा! केवढी सोय! तुमचा खर्च वाचला आणि आग लोकांच्या घरात लागली. सुखाची झोप लागत असेल, तर आता सिंधू बडगुजरची गोष्ट ऐका.

अमळनेरच्या पैलाड भागात सिंधूचं दोन खोल्यांचं घर. मुलगी लग्न होऊन सुरतेला. नवरा भास्कर मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला. विहिरींवरचे जळलेले पंप दुकानात यायचे. भास्कर ते उघडायचा, काळीठिक्कर पडलेली तार ओढून काढायचा, नवी तांब्याची तार भरायचा, वर वार्निश चढवायचा. हात मोठा कसबी. पण एके काळी त्याच हातात बाटली असायची, आणि बाटली असली की भास्करला आगा ना पीछा. एकदा त्याने सिंधूचं शिलाई मशीन विकलं, आणि शुद्धीवर आल्यावर स्वतःच तेच मशीन घरभर शोधत फिरला. "अगं, इथं होतं ना? कुठं गेलं?" कुठं गेलं ते सिंधूने सांगितलं. त्या दिवशी माणूस स्वतःलाच भ्यायला. तेव्हापासून थेंब नाही. चार वर्षं झाली. गल्ली म्हणायची, कुत्र्याचं शेपूट आहे, बघा. सिंधू म्हणायची, माझ्या घरातलं मला जास्त कळतं.

उन्हाळा आला की सिंधू, शेजारची इंदू कोळी आणि गल्लीतल्या आणखी चौघी मिळून विकायच्या कुरडया करायच्या. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, आंबूस वास सुटला की वाटायचा. मग घमेल्याभोवती फेर धरून बसायचं आणि तो लगदा पिळून पिळून दुधासारखा चीक काढायचा. सहा बायका, बारा हात, एकच घमेलं. दिवसभर कोपरापर्यंत हात चिकात. अशा हातांनी ना मोबाइल धरता येतो ना पदर सावरता येतो. म्हणून सकाळी आल्या आल्या सगळ्यांचे मोबाइल आणि कार्डं बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जायची. संध्याकाळी हात धुतले की जिने तिने आपापलं उचलायचं आणि बाजार करत घरी जायचं. कार्डं एकाच बँकेची, एकाच हिरव्या रंगाची, गटातल्या सगळ्यांना एकाच दिवशी मिळालेली. वरची नावं इंग्रजीत, मुंगीएवढी. कोण वाचतंय?

वैशाखातल्या एका संध्याकाळी सिंधूने तव्यावर भाकरी टाकली आणि मोबाइल वाजला. तिच्या खात्यातून अठरा हजार रुपये काढले होते. स्टेशनजवळच्या एटीएममधून. आत्ता.

उन्हाळाभराची कमाई ती. भाकरी करपली तरी सिंधू तशीच उभी. कमरेच्या बटव्यात हात घातला. हिरवं कार्ड जागेवर होतं. मग तिने दाराकडे पाहिलं. भास्कर अजून आला नव्हता.

तो तासाभराने आला. "एक मोटार अर्जंट होती गं. बोरसे आप्पांची. केळी वाळताहेत म्हणे."

सिंधूने ताट वाढलं. त्याला पाणी देताना ती जरा जास्तच वाकली. वास घेतला. भास्करच्या ते लक्षात आलं. चार वर्षांत ती अशी वाकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बँकेत निखिल साळी नावाचा तरणा अधिकारी होता. माणूस वाईट नव्हता. खुर्ची वाईट होती.

"कार्ड तर माझ्याजवळ आहे, साहेब. हे बघा ना."

साळीने काचेपलीकडून कार्डाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "ताई, कार्डाला आता कोण विचारतंय? हात लागतो, हात. जुनं कार्ड मी इथून बंद केलं, घरी गेल्यावर कापून टाका. नवं देतो."

"मग कॅमेऱ्यात बघा, कोण होतं ते."

"कॅमेरे काढले. हातओळख आल्यावर गरजच काय?"

ही हातओळख काय चीज आहे, ते सांगायला हवं. पूर्वी चोर एटीएमच्या फटीत पातळ पट्टी बसवून कार्डाची नक्कल करायचे आणि दडवलेल्या कॅमेऱ्यातून नंबर टिपायचे. मग अंगठ्याचे ठसे आले, तर चोरांनी ते रबरावर उठवले. तेव्हा शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. माणसाच्या तळहातावर कोट्यवधी सूक्ष्म जंतूंची वस्ती असते. ते आपल्या घामावर, तेलकटपणावर जगतात आणि त्यातून बारीक वायू सोडतात. कुणाच्या हातावर कोणते जंतू, किती, हे ज्याचं त्याचं वेगळं, म्हणून वासही ज्याचा त्याचा वेगळा. आपल्या नाकाला तो कळत नाही, मशीनच्या नाकाला कळतो. तळहात जाळीवर धरायचा, मशीन त्याच्यावरची हवा ओढून घेतं आणि माणूस ओळखतं. साबणाने धुवा, काही तासांत वस्ती पुन्हा उभी. फोटोला वास नाही, रबराला जंतू नाहीत. चोर हात चोळत बसले.

शोध खोटा नव्हता. शास्त्रज्ञही प्रामाणिक होते. त्यांनी सांगितलं होतं की ही वस्ती ऋतूप्रमाणे, खाण्याप्रमाणे, कामाप्रमाणे बदलते. म्हणून मशीनला थोडी ढील द्या. नव्वद टक्के जुळलं तरी पैसे सोडा आणि दर वेळचा नवा वास लक्षात ठेवायला शिकवा. आणि शेवटी हेही सांगितलं होतं की एका घरात राहणाऱ्यांच्या, एक काम करणाऱ्यांच्या वस्त्या एकमेकींसारख्या होत जातात, तेव्हा नुसत्या हातावरून कुणाला दोषी धरू नका. तुम्ही ढील घेतलीत. शेवटचं वाक्य गाळलंत.

साळीने पडदा सिंधूकडे वळवला. "जुळणी एक्याण्णव. तुमचा स्वतःचा हात असता तर पंच्याण्णवच्या वर असती. नव्वद ते पंच्याण्णव म्हणजे घरातलाच हात. एका ताटात जेवणारा. घरात कोण कोण असतं?"

"मी आणि हे."

"मग झालं तर," साळी म्हणाला, आणि लगेच त्याला स्वतःचंच बोलणं बोचलं असावं. आवाज उतरवून म्हणाला, "घरातल्या चोरीला बँक जबाबदार नाही, ताई. पण विमा आहे. तुम्ही माणसाचं नाव लिहून दिलंत आणि त्याने कबूल केलं, तर पैसे मिळतील. नाही दिलंत तर नाही."

घरी येऊन सिंधूने आधी कात्रीने कार्डाचे चार तुकडे केले. मग भास्करसमोर बसली.

"अहो, खरं सांगा. मी रागावणार नाही."

"काय खरं सांगू? मी मोटार भरत होतो. अगं, माझ्या हाताला वार्निशचा वास, तुझ्या हाताला चिकाचा. आपले हात सारखे कसे निघतील?"

"मशीन म्हणतंय, घरातलाच हात."

"मशीन!" भास्कर हसला. पण हसू अर्ध्यातच मावळलं. मोटारी दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. मोटार खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे त्याचंच ठेवणीतलं वाक्य होतं. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की मी पंप कोरडा चालवला नाही, आणि आतली जळकी तार सगळं सांगून टाकते.

त्याने विचारलं, "काल माझ्या तोंडाला वास येत होता का?"

"नाही."

"नीट आठव."

"नव्हता हो."

"शिलाई मशीनच्या वेळीही मला काही आठवत नव्हतं, सिंधू."

आणि भास्कर उठला. त्याने खाटेवरची गादी उलटी केली. पिठाच्या डब्यात हात घातला, माळ्यावरची भांडी खाली काढली, स्वतःच्या पँटचे खिसे बाहेर ओढले. जे पैसे त्याने घेतले नव्हते, ते तो माणूस स्वतःच्या घरात शोधत होता. सिंधू दारात उभी राहून बघत होती. थांबा म्हणावं असं एकदा तिच्या ओठांवर आलं. पण तिलाही वाटत होतं, सापडतील.

सापडले नाहीत. भास्कर भिंतीला टेकून खाली बसला. "लिहून दे. माझं नाव लिही. पैसे तरी येतील."

सिंधूने लिहून दिलं. भास्करने खाली सही केली.

पैसे आले, आठवड्याच्या आत. या कामात तुम्ही मोठे तत्पर, साहेब. आणि भास्करचा हात बंद झाला. बंद म्हणजे हिशेबातून वजा. त्याच्या स्वतःच्या खात्यातले पैसे त्याला निघेनात. पगार त्याच वाटेने यायचा, तोही अडकला. दुकानाचे मालक म्हणाले, "भास्करभाऊ, तुमच्यावर माझा विश्वास आहे हो, पण बंद हाताचा माणूस ठेवला तर माझ्याच खात्याला लाल खूण लागते." विश्वास असा असतो आता.

भास्कर घरी बसला. सगळ्यांना वाटलं, आता पुन्हा पिणार. तो प्यायला नाही. पण घरात पाहुण्यासारखा राहू लागला. कशालाच हात लावीना. तहान लागली तर विचारायचा, "पाणी घेऊ का?" सिंधू म्हणायची, "माठ तुमचाच आहे." तरी विचारायचा. बाहेर निघाला की दोन्ही हात खिशात.

इकडे घमेल्याभोवती बोलणी चालायचीच. इंदूची जीभ सगळ्यात तिखट. "माय वं, सिंधूताई, तू गरीब गाय. मी असते तर अठरा हजारांच्या अठरा लाथा घातल्या असत्या." सगळ्या हसायच्या. सिंधू चीक पिळत राहायची.

हीच इंदू एका दुपारी धापा टाकत सिंधूच्या दारात आली. चप्पल एकाच पायात. भास्कर ओट्यावर बसला होता, त्याच्याकडे तिला बघवेना.

"सिंधूताई, मला आधी घरात घे. मग काय मारायचं ते मार."

"काय झालं? पोरीला काही झालं का?"

"पोरीची फी भरली ना मी, धुळ्याला. त्याच दिवशी काढलेल्या पैशांतून. अठरा हजार." इंदूने मूठ उघडली. घामाने ओलं झालेलं हिरवं कार्ड. "आज पुन्हा पैसे काढायला गेले, तर मशीन म्हणालं कार्ड बंद. मी म्हटलं, का बरं बंद? म्हणून पहिल्यांदा नाव वाचलं. एकेक अक्षर लावून वाचलं. हे माझं नाही, ताई. तुझं आहे. डब्यातून मी तुझं उचललं आणि माझं समजून पैसे काढले. मशीनने दिले. त्याने का दिले? मी तर माझाच हात लावला!"

"आणि तुला कळलं नाही? मोबाइलवर आलं नाही काही?"

"माझा फोन पोरीकडे आहे, हे तुला माहीत नाही? आणि आलं असतं तरी ते तुझ्याच फोनवर आलं असतं ना!"

सिंधूला हळूहळू उमगत गेलं. "म्हणजे मी कापलं ते..."

"माझं कापलंस! आणि वर दुसऱ्या दिवशी माझ्याच घरचा चहा प्यायलीस." इंदू हसली आणि त्याच दमात तिला रडू फुटलं. "वाटेत मला वाटलं, हे कार्ड नदीत टाकावं आणि गप्प बसावं. कुणाला कळणार होतं? पण भाऊ ओट्यावर दिसले. ते असे बसले होते..."

भास्कर उठून आत आला होता. त्याने इंदूला एवढंच विचारलं, "त्या संध्याकाळीच काढलेस ना? बाजाराच्या वेळी?"

"हो, भाऊ."

"म्हणजे मी मोटारच भरत होतो," भास्कर म्हणाला. "आप्पांची मोटार." आपली हरवलेली एक संध्याकाळ परत हातात आल्यासारखं त्याने ते पुन्हा म्हटलं. मग सिंधूकडे वळला. "तू नाव लिहिलंस, तेव्हा तुला खरंच वाटलं होतं का गं?"

खोटं बोलणं सोपं होतं. सिंधू म्हणाली, "हो."

"मलाही," भास्कर म्हणाला.

तिघं बँकेत गेली. इंदूने आधी खिडकीवर आपल्या खात्यातले अठरा हजार काढले आणि पुडी पदरात बांधून घेतली. साळीने सगळं ऐकलं आणि मान हलवली. "शक्यच नाही, ताई. या तुमच्या घरातल्या नाहीत."

"मग बघा," सिंधूने आपलं नवं कार्ड इंदूच्या हातात दिलं.

शाखेतच एक मशीन होतं. इंदूने कार्ड घातलं, जाळीवर हात धरला. मशीनने हवा ओढली, घटकाभर विचार केला आणि शंभराची नोट बाहेर सरकवली. इंदू नोटेला म्हणाली, "ये गं बाई, तूही ये."

मग भास्करने न विचारता पुढे होऊन हात धरला. मशीनने लाल दिवा लावला. साळीने पडद्यावर जुळणी पाहिली. एकसष्ट. चिकातले जंतू दोघींच्या हातांवर बिऱ्हाड करून होते, आणि मशीन दर खेपेला तो वास नव्याने शिकत गेलं होतं. चीक न शिवलेल्या नवऱ्याचा हात बायकोच्या हातापासून कोसभर दूर होता. तुमच्या लोकांनी त्याचा हात नुसता एकदा जाळीवर ठेवून पाहिला असता, तरी सुटला असता. पण बघायचं कशाला? सही मिळाली होती.

"अण्णा इडलीवाले," साळी स्वतःशीच पुटपुटला. "रोज पीठ आंबवतात. त्यांनी मेव्हण्याचं नाव लिहून दिलं. मीच घेतलं लिहून. आणि तो दहीवाला गवळी, त्याच्या दोन भावांनी त्यावरून चूल वेगळी केली..." त्याचा चेहरा उतरला होता. त्याने दार लोटलं आणि मुंबईच्या मोठ्या ऑफिसला फोन लावला. फोन टेबलावर, सगळ्यांना ऐकू येईल असा.

पलीकडचा आवाज मधाळ होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "ताई, तुम्हाला त्रास झाला, वाईट वाटलं. असं करू. विम्याचे पैसे तुमच्याकडेच राहू देत. इंदूताईंचे पैसे परत करायचे की नाही, तेही तुमचं तुम्ही बघा. तुम्ही फक्त एवढंच लिहून द्या की कार्ड तुम्ही स्वतःहून त्यांना वापरायला दिलं होतं."

"पण मी दिलं नव्हतं."

"चुकीने दिलं असेल."

"आणि ह्यांचा हात?"

"त्यांनी कबुली दिलेली आहे. कबुली मागे घेता येत नाही."

"अहो, चोरीच झाली नाही, तर कबुली कशाची?"

"नियम आहे, ताई."

साळी हळूच म्हणाला, "एकाचा हात उघडला तर सगळ्यांचे उघडावे लागतील. म्हणून."

भास्करने सिंधूचा पदर धरला. "जाऊ दे. पैसे घे. माझं चालतंय."

"काय चालतंय? घरात पाणी मागून पिताय, ते चालतंय?" सिंधूचा आवाज चढला. बाहेरच्या रांगेतली माणसं दाराशी आली. तिने इंदूकडून अठरा हजारांची पुडी घेतली आणि टेबलावर ठेवली. "हे तुमच्या विम्याचे. मोजून घ्या. मला नकोत."

मग ती फोनवर वाकली.

"साहेब, हे नाव मी लिहिलंय, माझ्या हाताने. चार वर्षं माणूस प्यायला नाही, हे मला माहीत होतं. वास नव्हता, हेही माहीत होतं. तरी लिहिलं, कारण तुम्ही म्हणालात. ते माझं पाप, मी ते सगळ्यांदेखत सांगते. आता तुमचं बोला. मी कुठलाही कागद लिहून देणार नाही. ह्यांचा हात कधी उघडणार, ते सांगा. आणि त्या अण्णांच्या मेव्हण्याकडे, त्या गवळ्याच्या भावांकडे जाऊन कुणी सांगायचं की चोर नव्हताच? तुम्ही जाता, की मी जाऊ?"

पलीकडे कुणीतरी कागद चाळल्याचा आवाज आला.

"कागद नका चाळू, साहेब. बोला. आम्ही इथंच उभे आहोत."